केबल जोडलेली असूनही नेट वारंवार तुटते: डेस्कटॉपच्या वायर्ड जोडणीतील दोष कसा शोधावा

मोबाइलवर वाय-फाय व्यवस्थित चालते, राउटरचे दिवे लागलेले असतात, केबल दोन्ही टोकांना घट्ट बसलेली दिसते, आणि तरीही डेस्कटॉपचे नेट दिवसातून अनेकदा जाते व थोड्या वेळाने आपोआप परत येते, ही तक्रार विदर्भातील खेड्यापाड्यांतून सतत ऐकू येते. पीक विम्याचा अर्ज भरताना, प्रवेशाच्या फॉर्मला कागदपत्रे जोडताना किंवा फी भरण्याच्या ऐन क्षणी असा खंड पडला, तर काम पहिल्यापासून करावे लागते आणि कधी कधी मुदतही निघून जाते. पूर्ण बंद पडलेले नेट दुरुस्त करणे तुलनेने सोपे असते, कारण दोष समोर उभा असतो. जाणारे-येणारे नेट मात्र तपासायला बसावे तेव्हा नेमके चालू असते. त्यामुळे अशा दोषाच्या बाबतीत सेटिंग बदलण्यापूर्वी, किंबहुना संगणकाला हात लावण्यापूर्वी, नेट केव्हा जाते याची काही दिवस नोंद ठेवावी, असा माझा आग्रह आहे.

ही नोंद साध्या वहीत ठेवता येते. नेट गेले ती वेळ, परत आले ती वेळ, त्या वेळी घरात काय चालू होते (कूलर, बोरची मोटर, नळाला लावलेला टिल्लू पंप, मिक्सर), लाइन गेली होती का, वारा-पाऊस होता का, आणि संगणकाच्या मागे जिथे केबल बसते त्या पोर्टवरचा दिवा लागलेला होता की विझलेला, एवढे लिहिले तरी पुरते. नेट रोज सकाळी संगणक लावल्याबरोबरच नसेल आणि रिस्टार्ट केल्यावर येत असेल, तर कारण बहुधा विंडोजमध्ये असते. दुपारी ऊन चढल्यावर जात असेल, तर राउटर किंवा त्याचा अडॅप्टर तापत असतो. मोटर सुरू होताच जात असेल, तर विजेचा दाब खाली येत असतो. पावसाच्या सरीनंतर जात असेल, तर घराबाहेरच्या जोडात पाणी शिरलेले असते. वहीची दोन पाने भरेपर्यंत यांपैकी एक चित्र बहुतेक घरांत स्पष्ट होते.

नेमके कोठे तुटते

डेस्कटॉपपासून बाहेरच्या जगापर्यंतचा मार्ग तीन तुकड्यांचा असतो: संगणकातील नेटवर्क कार्ड, तेथून राउटरपर्यंतची तांब्याची केबल, आणि राउटरपासून पुढे सेवा देणाऱ्या कंपनीची फायबर. दोष कोणत्या तुकड्यात आहे हे पिंगने, म्हणजे दुसऱ्या यंत्राला हाक देऊन उत्तर येते का हे पाहणाऱ्या आज्ञेने, कळते. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे आज्ञा टंकून देण्याच्या, दोन खिडक्या उघडाव्यात. पहिलीत पिंग, जागा, राउटरचा पत्ता, पुन्हा जागा आणि उणे चिन्हाला लागून टी असे इंग्रजी कळांनी टंकून एंटर दाबावे. राउटरचा पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, खात्री करायची असल्यास आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्यावी आणि डिफॉल्ट गेटवेसमोर जो आकडा येईल तो घ्यावा. दुसऱ्या खिडकीत त्याच पद्धतीने गूगलचा ८.८.८.८ हा पत्ता द्यावा. शेवटी उणे टी लावल्यामुळे पिंग आपण कंट्रोल आणि सी एकत्र दाबेपर्यंत चालूच राहते, आणि म्हणूनच अधूनमधून येणारा दोष त्याच्या तावडीत सापडतो.

आता नेट जाईल तेव्हा दोन्ही खिडक्या पाहाव्यात. राउटरकडून उत्तरे येत आहेत आणि फक्त ८.८.८.८ गप्प आहे, असे दिसले तर घरातली केबल व संगणक निर्दोष आहेत आणि दोष राउटरच्या पलीकडे आहे. दोन्ही एकाच वेळी गप्प झाले, तर दोष संगणक, केबल आणि राउटर यांच्या दरम्यान आहे. दोन्हीकडून उत्तरे येत असताना संकेतस्थळे मात्र उघडत नसतील, तर नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस व्यवस्था अडलेली असते. अशा वेळी जोडणीच्या गुणधर्मांत डीएनएस म्हणून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ हाताने भरून पाहावे. ही चाचणी करण्यापूर्वी ड्रायव्हर (कार्ड चालवणारी आज्ञावली), रजिस्ट्री (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगचा साठा) किंवा राउटरचा रिसेट यांच्या नादी लागू नये. रिसेटचे बटण दाबल्याने कंपनीने राउटरमध्ये भरलेली माहिती पुसली जाऊ शकते, आणि मग चालू असलेले वाय-फायसुद्धा तंत्रज्ञ येईपर्यंत बंद राहते.

राउटरपलीकडचा दोष आपल्या हातात फारसा नसतो. ओएनटीवर म्हणजे फायबर जिथे येऊन बसते त्या पेटीवर एलओएस नावाचा तांबडा दिवा लुकलुकत असेल, तर फायबरमधून प्रकाश पोहोचत नाही असा त्याचा अर्थ आहे. गावात फायबर बहुधा खांबांवरून येते, आणि कुटाराने उंच भरलेली ट्रॉली खालून गेली तरी ती ओढली जाते. अशी ओढलेली किंवा तीव्र वळलेली फायबर पूर्ण तुटत नाही, पण प्रकाश क्षीण होतो आणि वाऱ्यासरशी नेट जाते-येते. फायबरच्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नये, कारण आतला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, परंतु तो असतो.

केबल: सर्वाधिक दोष येथेच

दोन्ही खिडक्या एकदम गप्प होत असतील, तर पहिला संशय केबलवर घ्यावा. यासाठी सर्वांत खात्रीची चाचणी थोडी कष्टाची आहे: सीपीयू उचलून राउटरजवळ न्यावा, दुकानात तयार मिळणारी एक-दोन मीटरची केबल लावावी, आणि वहीत ज्या वेळा वारंवार आल्या आहेत त्या वेळा उलटून जाईपर्यंत तो तेथेच चालवावा. दोष नाहीसा झाला, तर संगणक निर्दोष ठरतो आणि केबल किंवा तिचा मार्ग दोषी ठरतो. मॉनिटरसह सगळे उचलणे त्रासाचे वाटते, पण नवीन कार्ड, नवीन राउटर असा खर्च करत बसण्यापेक्षा तो त्रास परवडतो.

केबलच्या आत आठ तारा असतात आणि त्या दोन-दोनच्या पिळलेल्या चार जोड्यांत असतात. १०० एमबीपीएस वेगाला त्यांतल्या दोनच जोड्या लागतात, तर १००० एमबीपीएस म्हणजे एक गीगाबिटला चारही जोड्या लागतात. विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेट उघडल्यावर लिंक स्पीड दिसतो. राउटरचे पोर्ट गीगाबिटचे असूनही तेथे कधी १००० आणि कधी १०० दिसत असेल, तर निळ्या किंवा तपकिरी जोडीतील एखादी तार धड तुटलेलीही नाही आणि धड जोडलेलीही नाही असे समजावे. पडताळून पाहायचे असल्यास डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ॲडव्हान्स्ड पानावर वेग तात्पुरता १०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणे व घेणे) ठेवावा. तसे केल्यावर नेट तुटणे थांबले, तर त्या दोन जोड्यांवरचा संशय पक्का होतो. चाचणी झाली की वेग पुन्हा ऑटोवर आणावा, कारण एका टोकाला हाताने वेग ठरवला आणि दुसरे टोक ऑटोवर राहिले, तर दुसरे टोक हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी फक्त पाठवणे किंवा फक्त घेणे) जाते आणि जोडणी विनाकारण मंदावते.

आपल्याकडे केबलच्या टोकाला पारदर्शक क्लिप बसवताना, म्हणजे क्रिम्पिंग करताना, होणारी एक चूक फारशी कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून ती सविस्तर सांगतो. प्रमाण क्रम असा आहे: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. येथे हिरवी जोडी मुद्दाम तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर विभागलेली आहे, कारण संकेत वाहणारी दुसरी जोडी याच दोन पिनांवर असते. घाईत अनेक जण रंगांच्या जोड्या शेजारी-शेजारी ठेवून दोन्ही टोकांना एकसारख्या बसवतात. आठ दिव्यांचा स्वस्त टेस्टर लावला की एकापासून आठपर्यंत सगळे दिवे ओळीने लागतात, आणि केबल चांगली आहे असे जाहीर होते. प्रत्यक्षात तिसरी आणि सहावी पिन आता दोन वेगळ्या जोड्यांतील तारांवर गेलेली असते, त्यामुळे पिळामुळे मिळणारे संरक्षण नष्ट होते आणि एका तारेचा संकेत दुसरीत मिसळू लागतो. दोन मीटरवर अशी केबल चालते; वीस-पंचवीस मीटरवर, विशेषतः शेजारून विजेची वायर गेली असेल तर, ती लहरीपणे वागते. क्लिप पारदर्शक असते, त्यामुळे उजेडात धरून रंगांचा क्रम वाचता येतो. क्रम चुकलेला दिसला, तर दोन्ही टोके कापून नवीन क्लिप बसवून घ्याव्यात. त्याच वेळी केबलचे बाहेरचे आवरण क्लिपच्या आत दाबले गेले आहे का हेही पाहावे. ते बाहेर राहिले, तर सगळा ताण बारीक तारांवर येतो आणि झाडझूड करताना सीपीयू हलला तरी जोड सुटतो. क्लिपची प्लॅस्टिकची जीभ तुटलेली असेल, तर तिच्यावर चिकटपट्टी लावून दिवस काढू नयेत.

तारेची प्रतही पाहण्यासारखी असते. तालुक्याच्या बाजारात मीटरवर मिळणाऱ्या स्वस्त केबलमध्ये अनेकदा ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर असतो. ब्लेडने तार हलकीशी खरवडली की आतून पांढरी चकाकी दिसते. शुद्ध तांबे खोलवर तांबूसच असते. अशा तारेचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि ती थोड्याच वेळा वाकवली तरी तुटते. घरातून कोठ्यापर्यंत किंवा वरच्या माळ्यापर्यंत एकदाच केबल टाकायची असेल, तर पूर्ण तांब्याची कॅट ५ ई किंवा कॅट ६ घ्यावी; फरकाचे पैसे वाया जात नाहीत. एकूण लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी. केबल उन्हात जाणार असेल, तर काळ्या आवरणाची, बाहेर वापरण्यासाठी बनवलेलीच घ्यावी, कारण घरातील वापराचे पांढरे-करडे आवरण विदर्भाच्या उन्हात तडकते, त्या तडीतून पावसाळ्यात पाणी आत शिरते आणि पिनांवर हिरवट गंज चढतो. हाताने तारा पिळून वर काळी पट्टी गुंडाळलेला जोड मार्गात कोठेही असेल, तर शोध तेथेच थांबवून अखंड केबल टाकावी. कवेलूंच्या घरात केबल आढ्यावरून गेलेली असते आणि तेथे उंदीर व खारी यांचे दात लागतात, म्हणून संपूर्ण मार्ग बॅटरीच्या उजेडात हात फिरवून तपासावा. आवरणावरचे लहानसे कुरतडणे खालून दिसत नाही. हात फिरवण्यापूर्वी त्या मार्गावरचा विजेचा पुरवठा बंद करावा. विजेची वायर आणि नेटची केबल एकाच पाइपमधून नेलेली असेल, तर ती वेगळी करावी. हा प्रश्न जितका संकेताचा तितकाच जिवाच्या सुरक्षिततेचा आहे.

वीज, ऊन आणि आभाळ

संगणकाला यूपीएस असतो आणि राउटर मात्र सपरीतल्या साध्या बोर्डावर असतो, ही मांडणी फार घरांत दिसते. लाइन क्षणभर गेली, तर संगणक चालू राहतो, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि त्याला पूर्ण उठायला दोन-चार मिनिटे लागतात. तेवढा वेळ संगणकावर केबल निघाल्याचा संदेश दिसतो आणि दोष केबलला दिला जातो. बोरची मोटर सुरू होताना दाब खाली येतो तेव्हाही हेच घडते, फक्त घरातला दिवा विझत नाही, क्षणभर मंद होतो, त्यामुळे लाइन गेल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. वहीतील वेळा मोटरच्या वेळांशी जुळल्या, तर राउटर आणि ओएनटी यांच्यासाठी लहान डीसी यूपीएस घ्यावा. त्यावरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा जुन्या अडॅप्टरवरच्या आकड्यांशी जुळवूनच घ्यावा: १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलेले असेल, तर व्होल्ट तेवढेच हवेत आणि अँपिअर तेवढे किंवा अधिक हवेत. कमी अँपिअरच्या अडॅप्टरवर राउटर सुरू होतो, पण भार वाढला की स्वतःच बंद-चालू होत राहतो.

कूलर आणि राउटर एकाच बोर्डावर नसावेत. कूलरची मोटर बंद करताना बोर्डावर विजेचा झटका उमटतो, शिवाय खिडकीतल्या कूलरचे तुषार व दमट हवा पोर्टपर्यंत पोहोचते.

उन्हाळ्याचा प्रश्न आपल्याकडे वेगळाच आहे. घरगुती राउटर साधारणपणे ४० अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेले असतात, आणि अकोला, नागपूर, चंद्रपूर या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. टिनाच्या छताखाली, भिंतीला चिकटून, टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर ठेवलेला राउटर दुपारी बाराच्या पुढे अडखळू लागला, तर त्यात नवल नाही. तो खाली, सावलीत, चारही बाजूंनी हवा लागेल अशा ठिकाणी आणावा आणि त्याच्या झरोक्यांतली धूळ मऊ कुंचल्याने काढावी. अडॅप्टर सतत तापल्याने त्यातील कपॅसिटर हळूहळू निकामी होतात; दुसरा योग्य अडॅप्टर लावून दुपार काढून पाहणे ही सोपी आणि फार उपयोगाची चाचणी आहे.

वळवाच्या आणि परतीच्या पावसातल्या विजांबद्दल मात्र गांभीर्याने लिहावे लागते. राउटर समोरच्या घरात आणि संगणक अंगणापलीकडच्या खोलीत असेल आणि मधून तांब्याची केबल उघड्यावरून गेली असेल, तर वीज प्रत्यक्ष घरावर न पडता जवळपास पडली तरी त्या केबलमध्ये मोठा दाब निर्माण होतो. नेटवर्क पोर्टमधील रोहित्र १५०० व्होल्टपर्यंतचा दाब अडवण्यासाठी असते. विजेचा लोळ त्याच्या कितीतरी पुढचा असतो. पोर्ट अनेकदा पूर्ण जळत नाही, अर्धवट दुखावतो, आणि त्यानंतर महिनोन्महिने नेट कारण नसताना तुटत राहते. म्हणून गडगडाट ऐकू येताच, तो दूर असतानाच, केबल दोन्ही टोकांकडून काढावी. वीज माथ्यावर आलेली असताना केबलला हात लावू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप परिसरातील विजांची पूर्वसूचना देते, ते मोबाइलमध्ये असलेले बरे. दोन वेगळ्या इमारतींमध्ये कायमची जोडणी हवी असेल, तर माझ्या मते तांबे टाळून फायबर टाकावी आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरला तांब्याच्या केबलशी जोडणाऱ्या पेट्या, बसवाव्यात. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. मात्र बाहेर टाकायच्या काही फायबरमध्ये आधाराची लोखंडी तार असते, ती घरात आणू नये.

अर्थिंगही याच वेळी तपासून घ्यावे. सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग मिळत नाही असे समजावे. आपली काळी माती उन्हाळ्यात कोरडी पडून भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा जमिनीशी संपर्क कमी होतो. वायरमनकडून तो मोजून घ्यावा आणि उन्हाळाभर खड्ड्यात पाणी घालत राहावे.

विंडोजमधील कारणे

छोट्या केबलवर, राउटरजवळ ठेवूनही दोष राहिला, तरच येथे यावे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे, तिच्यामुळे शट डाउन केल्यावर संगणक पूर्ण बंद न होता प्रणालीचा काही भाग जसाच्या तसा जपून ठेवतो, आणि सकाळी कार्डाचा ड्रायव्हर कालच्याच बिघडलेल्या स्थितीत जागा होतो. रिस्टार्टने दोष जातो तो यामुळे. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन पॉवर बटणांच्या पानावरील या सोयीची खूण काढावी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट पानावर वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी असते, तिचीही खूण काढावी, आणि ॲडव्हान्स्ड पानावरील एनर्जी एफिशियंट इथरनेट व ग्रीन इथरनेट बंद करून पाहावे. एका वेळी एकच बदल करून एक दिवस थांबावे, म्हणजे कोणत्या बदलाने गुण आला ते कळते. ड्रायव्हर नवा घालायचा असल्यास तो संगणकाच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. नेट नसताना मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग केल्यास, म्हणजे मोबाइलचे नेट संगणकाला दिल्यास, तो उतरवता येतो.

लाइन गेल्यानंतर कार्ड अडकून बसले असेल, पोर्टचा दिवा लागतच नसेल, तर सीपीयूची वायर बोर्डातून काढावी, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, आणि मग पुन्हा जोडावे. उरलेला विद्युतभार निघून गेल्यावर कार्ड अनेकदा पूर्ववत होते.

संगणकाची तारीख रोज मागे जात असेल, तर सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राची चूक दाखवून उघडत नाहीत, आणि नेटच नाही असा समज होतो. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल बदलला की हा प्रश्न मिटतो.

पत्त्यांचा गोंधळ ओळखणे सोपे आहे. आयपीकॉन्फिगमध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरने संगणकाला पत्ता दिलेलाच नाही. घरात जुना राउटर स्विचसारखा लावलेला असेल, तर तोही पत्ते वाटत असतो आणि संगणक कधी याचा, कधी त्याचा पत्ता घेतो. जुन्या राउटरमधील डीएचसीपी, म्हणजे पत्ते आपोआप वाटण्याची सोय, बंद करावी. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या पेटीला, हाताने दिलेला पत्ता संगणकालाही मिळाला, तर दोघे एकमेकांना अडवतात. डीव्हीआरला राउटरच्या वाटपाच्या कक्षेबाहेरचा पत्ता द्यावा.

हे सगळे करूनही पोर्टचा दिवा अधूनमधून विझत असेल, आणि त्याच केबलवर दुसऱ्याचा लॅपटॉप दिवसभर अखंड चालत असेल, तर मदरबोर्डवरचा पोर्ट दुखावला आहे असे मानावे. त्यासाठी मदरबोर्ड बदलण्याची गरज नाही. पीसीआय एक्सप्रेस जागेत बसणारे वेगळे नेटवर्क कार्ड किंवा यूएसबी ३ चा इथरनेट अडॅप्टर लावावा, आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन जुने कार्ड बंद करावे. लॅपटॉपवरही तोच दोष आला, तर राउटरचे दुसरे पोर्ट वापरून पाहावे, आणि तेथेही तसेच घडले, तर वहीतील वेळा व पिंगच्या खिडकीची छायाचित्रे घेऊन कंपनीकडे राउटर बदलून मागावा.